कर्नल हेडरमधल्या कंपायलर वॉर्निंगची साफसफाई

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मुख्यतः सी मध्ये लिहिलाय आणि त्यातली काही हेडर, म्हणजे सामायिक व्याख्यांच्या फाइली, हजारो सी फाइलींत इन्क्लूड होतात, त्यामुळे हेडरमधल्या एका ओळीत खोट असली की कंपायलर तीच वॉर्निंग प्रत्येक फाइलीला परत परत ओकतो, आणि त्या गोंगाटात तुमच्या ड्रायव्हरमधली खरी चूक कुठे गेली ते कळत पण नाही. म्हणून ही सफाई. पॅच दोन-चार ओळींचा, फायदा सगळ्यांना.

नेहमीच्या बिल्डमध्ये बऱ्याच वॉर्निंग बंदच असतात. मेकला (बिल्ड चालवणाऱ्या टूलला) डब्ल्यू=१ दिलं की कामाच्या असू शकणाऱ्या दिसतात, २ दिलं की ढिगाने येणाऱ्या पण कधीकधी खऱ्या, आणि ३ वाल्यांकडे कुणी बघितलं नाही तरी चालतं.

नेहमीचा गुन्हेगार म्हणजे रिकामा मॅक्रो (मॅक्रो म्हणजे कंपाइल होण्याआधी ज्याच्या जागी दुसरा मजकूर भरला जातो ते नाव). एखादं फीचर कॉन्फिगमध्ये बंद असलं की त्याच्या फंक्शनच्या जागी हेडरमध्ये काहीच न करणारा मॅक्रो ठेवतात, मग त्याला दिलेलं व्हेरिएबल 'सेट केलं पण वापरलं नाही' अशी ओरड सुरू होते. त्याऐवजी रिकामं स्टॅटिक इनलाइन फंक्शन लिहायचं, ओरडही थांबते आणि टाइपही तपासले जातात. इनलाइन लिहायला विसरलात तर मात्र ते न वापरणाऱ्या प्रत्येक फाइलीत नवी वॉर्निंग!

खरी गंमत मिन आणि मॅक्सची, म्हणजे दोन किमतींतली लहान किंवा मोठी देणाऱ्या मॅक्रोंची. दिलेली किंमत एकदाच मोजली जावी म्हणून हे मॅक्रो आत तात्पुरतं व्हेरिएबल बनवतात, पण मिनच्या आत मिन आला की दोन्हीकडे तेच नाव, आणि शॅडोची, म्हणजे आतल्या नावाने बाहेरचं झाकल्याची, तक्रार. त्यावर दरवेळी वेगळं नाव तयार करायची युक्ती आली, शिवाय टाइप जुळतात का, किंमत कॉन्स्टंट आहे का अशा तपासण्या चढत गेल्या, आणि प्रत्येक तपासणीत तेच एक्स्प्रेशन पुन्हा लिहिलं जात होतं. २०२४ मध्ये झेन या व्हर्च्युअलायझेशन सिस्टिमसाठीच्या कोडमधली एकच ओळ मॅक्रो उलगडल्यावर फुगून ४७ एमबी झालेली सापडली, तेव्हा कुठे हे मॅक्रो सोपे करायला घेतले.

वॉर्निंग घालवणं आणि तिचं तोंड दाबणं यात फरक आहे, आणि कर्नलने दुसरं पण केलंय. अनइनिशिअलाइझ्ड_व्हार नावाचा मॅक्रो व्हेरिएबलला स्वतःचीच किंमत देऊन कंपायलरला गप्प करायचा, त्यात खरे बग पण लपायचे. २०२० मध्ये ५.९ आवृत्तीत तो काढून टाकला. ५.१५ मध्ये, म्हणजे २०२१ ला, वॉर्निंगलाच एरर मानायचा कॉन्फिग पर्याय आला आणि २०२४ च्या ६.८ पासून प्रोटोटाइप (फंक्शनची आधी केलेली जाहिरात) नसल्याची वॉर्निंग सगळीकडे चालू झाली. तिथे उपाय दोनच, फंक्शन हेडरमध्ये जाहीर करा नाहीतर स्टॅटिक, म्हणजे त्याच फाइलीपुरतं, करा.

यूएपीआय हेडरना मात्र जपून हात लावतात. ती बाहेरचे प्रोग्रॅमही वापरतात, त्यामुळे वॉर्निंग जावी म्हणून स्ट्रक्चरमधल्या फील्डची जागा हलवली तर आधी कंपाइल केलेले प्रोग्रॅम मोडतात.