वयात येणे आणि बालपणीचे अनुभव

मुलगी कोणत्या वयात वयात येते, हे पुष्कळसे आईकडून-वडिलांकडून आलेल्या जनुकांवर आणि पोटाला काय मिळते यावर अवलंबून असते. मात्र तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. आईच्या पोटातले नऊ महिने आणि पहिली पाच-सहा वर्षे कशी गेली, याचाही त्यात वाटा असतो. ही नोंद त्या वाट्यापुरती आहे.

कोल्हापूरकडच्या बोलीत पहिल्या पाळीसाठी ‘शाणी झाली’, ‘न्हाण आलं’, ‘पदर आला’ असे शब्द आहेत. ते सगळे एका दिवसाकडे बोट दाखवतात. पूर्वी त्या दिवशी मुलीला मखरात बसवत, ओटी भरत. शरीराच्या दृष्टीने मात्र पहिली पाळी ही बरीच उशिराची घटना आहे. छातीत गाठ जाणवू लागते ती तिच्या साधारण दोन-अडीच वर्षे आधी. मग लव येते, उंची झपाट्याने वाढते, आणि ती वाढ मंदावू लागली की पाळी येते. सहावीतली मुलगी ‘अचानक’ शाणी झाली असे घरच्यांना वाटते, तेव्हा सुरुवात चौथीतच झालेली असते. या टप्प्यांची आजही वापरात असलेली मोजपट्टी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांच्या नावाने ओळखली जाते. मुलींविषयीचा मार्शल व टॅनर यांचा निबंध १९६९ चा. छातीची वाढ ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान सुरू झाली तर ते सर्वसाधारण, ८ च्या आधी झाली तर अकाली आणि १३ पर्यंत झालीच नाही तर उशिराचे मानतात.

या सगळ्याची कळ मेंदूत, हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्या भागात असते. जन्मानंतरचे काही महिने ही यंत्रणा चालू असते, मग कित्येक वर्षे झोपी जाते. पुन्हा जागी झाली की तिथून ठरावीक अंतराने संप्रेरकाचे (हार्मोनचे) ठोके पडू लागतात. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष (पिट्युटरी) ग्रंथीला जागे करतात, पोष ग्रंथी अंडाशयाला, आणि अंडाशय ईस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार करू लागते. ठोके सुरू करणाऱ्या प्रथिनाला किसपेप्टिन म्हणतात. (त्याचे जनुक अमेरिकेतल्या हर्शी गावी सापडले म्हणून तिथल्या ‘किस’ नावाच्या चॉकलेटवरून हे नाव पडले. शास्त्रज्ञही कधीकधी अशी गंमत करतात.) शरीरात पुरेशी चरबी साठली आहे ही खबर लेप्टिन हे संप्रेरक मेंदूला देते, ते १९९४ मध्ये सापडले. ही झोप कधी मोडायची यावर जनुके, वजन आणि लहानपणचा ताण असे तिन्ही परिणाम करतात.

पाळीचे वय बदलते, हे जुन्या नोंदींवरूनही दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपातल्या अनेक भागांत ते १६-१७ होते, शंभर वर्षांत ते १३ च्या आसपास आले. अन्न सुधारले आणि लहानपणचे आजार कमी झाले, ही त्याची मोठी कारणे. आपल्याकडे हेच वय एकदा राजकारणाचा विषय झाले होते. शरीरसंबंधासाठीच्या संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ करणारा कायदा १८९१ मध्ये आला, तेव्हा ‘बाराच्या आत ऋतुप्राप्ती झाली तर गर्भाधान संस्काराचे (पाळी आल्यावर पती-पत्नीच्या पहिल्या समागमाच्या विधीचे) काय’, हा विरोधकांचा मुख्य सवाल होता.

बालपणीचा ताण आणि यौवनारंभ यांची सांगड पद्धतशीरपणे घातली ती जे बेल्स्की, लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि पॅट्रिशिया ड्रेपर या संशोधकांनी, १९९१ मध्ये. त्यांचे म्हणणे करवीर-शिरोळच्या शेतकऱ्याला लगेच पटावे. पाण्याची हमी आहे तो आडसाली ऊस लावतो आणि दीड वर्ष थांबतो. हमी नाही तो तीन-चार महिन्यांत हाती येणारे पीक घेतो. घरात सतत भांडणे, मारझोड, माणसांचा भरवसा नाही, असे बालपण असेल तर शरीरही जणू ‘थांबण्यात अर्थ नाही’ असे धरून चालते आणि लवकर पक्व होते. इथे ‘जणू’ महत्त्वाचे आहे. शरीर विचार करत नाही. उत्क्रांतीने घडवलेली ही सवय असावी, एवढाच दावा आहे.

पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातल्या दीर्घकालीन अभ्यासात, घरात कलह असलेल्या मुलींना पाळी काहीशी लवकर आल्याचे दिसले. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडमधली हजारो मुले आईवडिलांपासून तोडून स्वीडन आणि डेन्मार्कला पाठवली गेली. त्यांतल्या मुलींना, घरीच राहिलेल्यांच्या तुलनेत, पाळी लवकर आली होती. हा अभ्यास २००८ चा. सर्वांत ठळक पुरावा मात्र लैंगिक अत्याचार सोसलेल्या अमेरिकन मुलींचा आहे. २०१७ च्या निबंधानुसार त्यांच्यात छातीची वाढ सुमारे ८ महिने आणि लव येणे सुमारे १२ महिने आधी सुरू झाले होते.

मग उपासमारही ताणच नव्हे काय? आहे, पण तिचा ओढा उलट दिशेला असतो. अन्न कमी पडले की पाळी लांबते. मारहाण आणि भीतीने पाळी अलीकडे येते, तशी निव्वळ वंचिततेने येत नाही, असे २०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवले गेले. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून कोल्हापूरच्या कारखान्यांवर येणाऱ्या टोळ्यांतल्या मुलींचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. फडाकडेच्या कोपीत (झोपडीत) अपुरे खाणे आणि अस्थिरता एकत्र नांदतात. त्यांची बेरीज कोणत्या बाजूला झुकेल हे एका सूत्राने सांगता येत नाही.

उपासमारीनंतर अचानक मुबलक अन्न मिळाले तर काय होते, याचा धडा भारतीय मुलींनीच दिला आहे. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींच्या पाळीचे सरासरी वय ११.६ वर्षे निघाले (१९९१), म्हणजे इथल्या आणि तिथल्याही सरासरीपेक्षा कमी. बहुतेक मुली खुरटलेल्या अवस्थेत गेल्या होत्या आणि तिथे भराभर वाढल्या. कमी वजनाने जन्मलेले बाळ ‘गुटगुटीत’ करण्याचा आजीचा अट्टहास या जागी थोडा अडचणीचा ठरतो. पुण्याजवळच्या खेड्यांत मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले आहे की आपली बाळे युरोपीय बाळांपेक्षा बारीक असली तरी त्या मानाने त्यांच्यात चरबी अधिक असते.

गर्भातल्या काळाचा पुरावा तुलनेने थोडा आहे. १९९८ च्या जानेवारीत कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात गोठणाऱ्या पावसाच्या वादळाने वीज गेली. त्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रियांपैकी ज्यांना जास्त ताण सोसावा लागला, त्यांच्या मुलींना पाळी लवकर आली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातल्या गावांतून पुराच्या पाण्यातून बोटीने बाहेर काढलेल्या गरोदर बायकांच्या मुली आता प्राथमिक शाळेत आहेत; त्यांच्यात काय दिसेल हे कळायला अजून वेळ आहे.

पाश्चात्त्य अभ्यासांत ‘वडील घरात नसणे’ हे कारण वारंवार येते. ते इकडे तसेच उचलून आणणे चुकीचे. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत घरटी कोणी ना कोणी फौजेत. चंदगड-आजऱ्याकडचे बाप पिढ्यान् पिढ्या मुंबईला कामाला. तिथे बापाची गैरहजेरी म्हणजे मोडलेले घर नव्हे. आजी, चुलते, दरमहा येणारे पैसे, सगळे जागेवर असते. संशोधक रिबेका सीअर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये निरनिराळ्या समाजांतली माहिती तपासली तेव्हा हा संबंध सगळीकडे आढळला नाही. शिवाय जनुकांचा घोळ आहेच. लवकर वयात आलेली आई लवकर संसारात पडते आणि तेच जनुक मुलीला देते. अशा वेळी दोष घरच्या वातावरणावर लावायचा की वारशावर? एकाच घरातल्या बहिणींची तुलना करून हा गुंता थोडा सुटला आहे, पुरता नाही. जो परिणाम उरतो तो बहुधा काही महिन्यांचा असतो.

गावात मात्र बोट भलतीकडेच दाखवले जाते: ब्रॉयलर कोंबडी, पिशवीचे दूध. कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात, त्या दुधाची सवय असलेल्या शहराला पिशवीचा संशय येणे साहजिक आहे. पण ब्रॉयलर लवकर वाढतो तो निवडक जात आणि खाद्यामुळे. त्याला वाढीचे संप्रेरक देत नाहीत. पान्हा सोडवायला चोरून टोचतात ते ऑक्सिटोसिन स्त्री-संप्रेरक नव्हे, आणि दुधातून पोटात गेले तरी पचून जाते. वाढलेले वजन हे कारण खरे आहे.

आठच्या आत छातीत गाठ दिसली तर डॉक्टर डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात, रक्त तपासतात, गरज वाटल्यास मेंदूचा एमआरआय करतात. बहुतेक मुलींत कोणताही आजार सापडत नाही. लवकर पाळी येणे हा अत्याचाराचा पुरावा नव्हे. तसे धरून कोणत्याही घराकडे संशयाने पाहू नये. पण विचारपूस व्हायला हवी. जन्माचे वजन आई चटकन सांगते, घरात काय चालते हे सांगायला तिला दोन-तीन भेटी लागतात, आणि सासू शेजारी बसली असेल तर तेवढ्याही पुरत नाहीत. उपचाराची गरज ठरली तर दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन मेंदूतल्या ठोक्यांचा परिणाम थांबवतात. हाडे लवकर जुळून उंची खुंटू नये, हा मुख्य हेतू. साधारण ११ व्या वर्षी इंजेक्शने बंद करतात आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षात पाळी आपसूक येते.