नेट गेलं तरी टाकी भरली पाहिजे

लातूर, जालना, छत्रपती संभाजीनगर, कितीतरी वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी आधी हौद भरून घ्यायचा, मग मोटार लावून गच्चीवरची टाकी भरायची, आणि भरली का ते बघायला कुणीतरी जिना चढायचा. हे काम करणारं यंत्र आता कॉलेजातली मुलं घरी बनवू शकतात. त्यामागे करंगळीच्या नखाएवढी एक चिप आहे.

इटलीतल्या इव्रेया गावात २००५ साली आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड जन्माला आला आणि मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमध्ये मावणारा छोटा संगणक, हौशी माणसाच्या हाती आला. पण त्याला नेटशी जोडायचं तर वेगळं वायफाय कार्ड लागे, आणि ते मूळ बोर्डापेक्षा महाग पडे. २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप बाजारात आली. दुसऱ्या बोर्डाला वायफाय पुरवणं एवढंच काम तिच्याकडून अपेक्षित होतं. हौशी मंडळींनी खोदून पाहिलं, तर आत ८० मेगाहर्ट्झचा ३२ बिटी प्रोसेसर! आर्डुइनोचा लोकप्रिय बोर्ड उनो मात्र १६ मेगाहर्ट्झचा आणि ८ बिटी. मग दुसरा बोर्ड हवाच कशाला? त्याच वर्षी या चिपवरचा, यूएसबीची सोय असलेला नोडएमसीयू बोर्ड आला, तर २०१६ मध्ये एस्प्रेसिफचीच पुढची चिप, दोन कोअरची, ब्लूटूथसह ईएसपी३२. साधा नोडएमसीयू आज तीन-चारशे रुपयांत मिळतो.

टाकीतलं पाणी मोजायला झाकणाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर लावतात. तो ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो, पाण्यावरून परत आलेला प्रतिध्वनी पकडतो आणि मधल्या वेळावरून अंतर काढता येतं. तयार प्रोग्राममध्ये आवाजाचा वेग बहुधा सेकंदाला ३४३ मीटर धरलेला असतो. तो आहे २० अंश तापमानाचा. आपल्याकडच्या मे महिन्यात, काळ्या टाकीच्या झाकणाखाली हवा सहज ४० अंशांवर जाते आणि आवाज ३५५ मीटरच्या वेगानं धावतो. मग एक मीटर अंतर साधारण साडेशहाण्णव सेंटिमीटर दिसतं, म्हणजे टाकीत असल्यापेक्षा जास्त पाणी दाखवलं जातं. पाणी मोजून वापरणाऱ्या घरात ही चूक नेमकी नको त्या बाजूची आहे. उपाय स्वस्त आहे: शेजारी तापमानाचा सेन्सर बसवायचा आणि दर अंशामागे वेगात ०.६ मीटरची दुरुस्ती करायची. आणखी एक: बरेच सेन्सर ५ व्होल्टचे असतात, चिपच्या पिना ३.३ व्होल्टच्या. मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवून घ्यावं.

माझा खरा आग्रह मात्र वेगळ्या गोष्टीचा आहे. शिकाऊ प्रकल्पांत पुष्कळदा मोजमाप दूरच्या सर्व्हरवर जातं आणि मोटार चालू-बंद करायचा हुकूम तिकडून येतो. आपल्या भागात ही रचना धोक्याची आहे. मोटार चालू असताना नेट गेलं तर बंदचा हुकूम पोचतच नाही, आणि आठवडाभर जपलेलं पाणी गच्चीवरून वाहून जातं. वीज गेल्यानंतरची गोष्ट तर आणखी बारीक आहे. वीज परत आली की बोर्ड क्षणात जागा होतो, राउटरला मात्र एक-दोन मिनिटं लागतात. नमुन्याच्या प्रोग्राममध्ये ‘वायफाय मिळेपर्यंत थांब’ अशी ओळ हमखास असते. राउटर उठलाच नाही, तर बोर्ड तिथंच अडकून बसतो आणि टाकीकडे कुणाचंच लक्ष राहत नाही.

म्हणून निर्णय बोर्डावरच व्हावा. टाकी भरली, मोटार बंद. हौद आटला, मोटार बंद. ठरावीक वेळेपेक्षा जास्त चालली, तरीही बंद. नेट फक्त खबर द्यायला. घरात राउटर नसला तरी अडत नाही, कारण ही चिप स्वतःच वायफाय नेटवर्क उभं करते. मोबाइल त्याला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ टाकलं, की बोर्डावरच ठेवलेलं पान उघडतं आणि इंटरनेटशिवाय पाण्याची पातळी दिसते.

राउटर वापरायचाच असेल तर त्याची २.४ गिगाहर्ट्झची वाट चालू ठेवा. ५ गिगाहर्ट्झ ईएसपी८२६६ला दिसतच नाही. रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटार चालू-बंद करणारा विजेचा खटका, नोडएमसीयूच्या डी१ किंवा डी२ पिनेवर घ्यावा. इतर काही पिना बोर्ड सुरू होताना आपोआप चालू-बंद होतात आणि मोटारीला उगाच झटका देतात.

शेतातल्या विहिरीचं गणित निराळं. तिथवर घरचं वायफाय पोचत नाही, तेव्हा लोरा, म्हणजे थोड्या विजेवर लांबवर संदेश पोचवणारा रेडिओ, जोडावा. त्यासाठी भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना खुला आहे. थ्री फेज मोटार मात्र छोट्या रिलेवर कधीच घेऊ नये. रिलेनं स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटारीचा मोठा प्रवाह जोडणाऱ्या दणकट खटक्याची, कॉइल तेवढी चालवावी, एखादा फेज गेल्यावर मोटार तोडणारं संरक्षण तसंच ठेवावं, आणि २३० व्होल्टची आणि त्यापुढची जोडणी गावातल्या जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी.