जोंधळ्यातले खडे

पहाटे दोघी जात्याला बसायच्या. दोघींचे हात एकाच खुंट्यावर, मधूनमधून एकीने मूठभर दाणे घालायचे. पाळूची, म्हणजे जात्याच्या दगडाची, घरघर हाच ठेका. त्यावर जी चाल बसते तिला बायका ‘गळा’ म्हणतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या गावोगावच्या बायकांकडून गोळा केल्या. त्यांत देव आहेत, माहेर आहे, आणि चारचौघांत बोलता न येणारं पुष्कळ काही आहे.

‘गायल्याने मन हलकं होतं’ असं आपण सहज म्हणून जातो. मला वाटतं, गाण्याइतकंच ते रचण्यातून होतं. नमुन्यादाखल मीच जुळवलेली ही ओवी पाहा:

सासूबाईंचे गं बोल, जोंधळ्यामंदी खडे
वेचून टाकीते, बाई उंबऱ्याच्या पलीकडे

आधी मनात नुसती तडफड असते. ‘खडे’ हा शब्द सापडला की तिला आकार येतो. मग यमक हवं, म्हणून शोधता शोधता ‘पलीकडे’ हाती लागतं, आणि बोचणाऱ्या बोलांना घराबाहेरची जागा मिळते. यमक नुसतं सजावटीला नसतं, ते विचाराला पुढे ढकलतं.

भावनेला शब्द दिल्यावर मेंदूत काय होतं, हे मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये तपासलं. चेहऱ्यावरच्या रागाला किंवा भीतीला नाव द्यायला सांगितलं, तेव्हा धोक्याची सूचना देणाऱ्या अमिग्डालाची हालचाल मंदावली आणि कपाळामागचा, आवर घालणारा भाग जास्त कामाला लागला.

श्वासाचंही असंच. इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी यांच्या गटाने 2001 मध्ये 23 जणांना लॅटिन जपमाळ आणि ‘ओम मणि पद्मे’चा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे 6 वर आला, आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. ओवीची लांबलचक ओळ एका दमात म्हणायची तर श्वास असाच लांबवावा लागतो.

पण ही जादू नव्हे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या आघाताबद्दल लिहायला सांगितलं. लिहून उठताना ती मुलं अधिकच अस्वस्थ होती. दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या त्या पुढच्या काही महिन्यांत. नंतर अशा 146 अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा फायदा खरा पण सरासरीने लहानच निघाला. खोल नैराश्य असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

ती मुलं मात्र एकेकटी लिहीत होती. जात्यावर समोर दुसरी बाई असते. पहिलीची ओळ संपली की ती तीच ओळ आपल्या गळ्यात उचलते आणि खुंटा पुढे ओढते.