आरसा लहान, पण गार!

दुर्बीण जितकी मोठी तितकी भारी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून नासाने ऑक्टोबर 2024 मध्ये पुढील अभ्यासासाठी निवडलेल्या दोन मोहिमांपैकी 'प्रिमा' या दूर-अवरक्त (फार-इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण टिपणाऱ्या) दुर्बिणीचा आरसा जेमतेम 1.8 मीटरचा, हे वाचून आश्चर्य वाटतं. 2009 साली अवकाशात गेलेल्या युरोपच्या 'हर्शेल'चा आरसा साडेतीन मीटरचा होता. मग ही पिछेहाट म्हणायची का?

मुळीच नाही. खरी मेख तापमानात आहे. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारण सोडत असते. 2898 ला केल्विनमधल्या तापमानाने भागलं, की ते प्रारण कोणत्या तरंगलांबीला सर्वाधिक हे मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत) कळतं. हर्शेलचा आरसा साधारण 85 केल्विनला होता, म्हणजे उणे 188 अंश सेल्सिअस. भागाकार करा: 34 मायक्रॉन. आणि हर्शेल बघत होती 55 मायक्रॉनपासून पुढे! म्हणजे ज्या पट्ट्यात बघायचं, त्याच पट्ट्यात आरसा स्वतःच झळकत होता. भर दुपारी काजवे शोधावेत तसा प्रकार. प्रिमाचा आरसा 4.5 केल्विनपर्यंत गार करायची योजना आहे. आता भागाकार येतो 644 मायक्रॉन, आणि तिला बघायचंय साधारण 24 ते 261. त्या पट्ट्यात आरसा जवळपास काळाठिक्कर.

(जाता जाता: 'फार-इन्फ्रारेड' किरण सोडून रोग बरे करण्याचा दावा करणारी ब्रेसलेट विकली जातात. ते किरण तुमची खुर्चीसुद्धा सोडते, तेही फुकट.)

अवकाश थंडच असतं, मग वेगळं शीतयंत्र कशाला? कारण ऊन आणि यानातली उपकरणं आरसा तापवत राहतात. सूर्याला आड करणाऱ्या ढालींनी बरंच काम होतं, शेवटचा टप्पा मात्र यंत्रानेच गाठावा लागतो.

लहान आरशाची किंमत मोजावी लागतेच. 100 मायक्रॉनला 1.8 मीटरच्या आरशातून सुमारे 14 विकलांपेक्षा (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) जवळच्या दोन दीर्घिका वेगळ्या दिसत नाहीत, एकमेकींत मिसळतात. त्यामुळे उद्दिष्टं ठरवताना देखण्या छायाचित्रांपेक्षा वर्णपटावर (कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश येतो यावर; त्यात ठरावीक अणू-रेणूंच्या ठळक 'रेषा' दिसतात) भर देणं शहाणपणाचं: एकाच ठिपक्यात मिसळलेल्या दीर्घिकांचं ताम्रसृतीचं (प्रकाशाची तरंगलांबी वाटेत किती ताणली गेली त्याचं) मूल्य वेगवेगळं असेल, तर त्यांच्या रेषा वेगळ्या ओळखता येतात.

माझी आवडती रेषा 112 मायक्रॉनची. ग्रह जिथे जन्मतात त्या तबकडीत वायू किती, हे मोजायचं तर हायड्रोजनच मोजायला हवा. पण थंडीत त्याचा रेणू जवळजवळ प्रकाशतच नाही. एक अणू ड्युटेरियमचा (जड हायड्रोजनचा) असलेला त्याचा भाऊ मात्र या तरंगलांबीला प्रकाशतो. हर्शेलला तो अवघ्या तीन तबकड्यांत सापडला होता.