‘फिशन’ : अमीबाकडून अणूकडे आलेला शब्द

दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘मूळव्याध, भगंदर, फिशर’ हे तीन शब्द हटकून एका ओळीत दिसतात. त्यातला फिशर म्हणजे चीर. अणुभट्टीत जड अणुकेंद्र फुटून दोन होते, ते ‘फिशन’ या फिशरचे सख्खे भावंड. दोघांचे मूळ ‘फिंदेरे’ या लॅटिन क्रियापदात. अर्थ चिरणे, फोडून दोन करणे. भाषेचे अभ्यासक हे क्रियापद आणि संस्कृतमधला ‘भिद्’ धातू एकाच घराण्यातले मानतात. म्हणजे आपले भेद, भेदणे, अभेद्य हे शब्दही फिशनच्या गणगोतातलेच.

फोडाफोडीच्या बाबतीत मराठी मोठी चोखंदळ आहे. काच फुटते, दोरा तुटतो, काडी मोडते, कापड फाटते, भिंत तडकते. इंग्रजीतही हे शब्द असेच आपापली जागा धरून असतात. पाटीच्या दगडाचे कसे पापुद्रे सुटतात, तशा सरळ चिरल्या जाणाऱ्या दगडाला किंवा लाकडाला तिथे ‘फिसाइल’ म्हणत. पुढे जीवशास्त्राने फिशन हा शब्द एका पेशीच्या दोन होण्यासाठी घेतला. अमीबा लांबतो, कमरेत बारीक होतो आणि एकाचे दोन होतात. त्यात ठिकऱ्या उडत नाहीत, स्फोट होत नाही. पुढची सगळी गोष्ट समजायला ही बारीक होणारी कंबर लक्षात ठेवायला हवी.

भौतिकशास्त्राकडे तेव्हा ‘डिसिंटिग्रेशन’, म्हणजे विघटन, हा शब्द होता. अणुकेंद्रातून बारीकसा कण बाहेर पडायचा, फार तर हेलियमच्या केंद्राएवढा, त्यासाठी तो पुरत असे. १९३४ मध्ये रोममध्ये एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले आणि युरेनियमपेक्षा जड मूलद्रव्ये मिळाली असे त्यांना वाटले. त्याच वर्षी इडा नोडाक या जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी लिहिले, की केंद्राचे मोठमोठे तुकडेही झाले असतील. त्यांचे कुणी मनावर घेतले नाही. त्यांनी प्रयोगाचा आधार दिला नव्हता हे खरे. पण केंद्र असे फुटू शकते ही कल्पनाच तेव्हा कुणाला पटण्यासारखी नव्हती, असे मला वाटते.

डिसेंबर १९३८. बर्लिनमध्ये ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान या रसायनशास्त्रज्ञांना न्यूट्रॉन सोडलेल्या युरेनियमच्या नमुन्यात बेरियम हे कितीतरी हलके मूलद्रव्य सापडले. हान यांनी ते लिझे माइट्नर यांना पत्राने कळवले. या माइट्नरबाई भौतिकशास्त्रज्ञ, हान यांच्या तीस वर्षांपासूनच्या सहकारी. ज्यू कुळातल्या म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली होती आणि त्या स्वीडनमध्ये होत्या. युरेनियम फुटून बेरियम होऊच शकत नाही हे आपल्यालाही ठाऊक आहे, असे हान यांनी पत्रात लिहिले. तिथे त्यांनी वापरलेले जर्मन क्रियापद फुगा फट्कन फुटावा तसल्या फुटण्याचे आहे.

नाताळात स्वीडनमधल्या कुंगेल्व या गावी माइट्नरबाईंचा भाचा, भौतिकशास्त्रज्ञ ऑटो फ्रिश, आला होता. बर्फातून तो स्कीवर आणि मावशी पायी, असे दोघे निघाले. वाटेत एका ओंडक्यावर बसून त्यांनी कागदाच्या कपट्यांवर आकडेमोड केली. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर अणुकेंद्राकडे पाण्याच्या थेंबासारखे पाहत. तो थेंब लांबला, मध्ये आवळला आणि दोन झाले तर? युरेनियमचा अणुक्रमांक ९२, बेरियमचा ५६. उरले ३६, म्हणजे क्रिप्टॉन. दोन्ही तुकड्यांचे वस्तुमान मिळून मूळ केंद्रापेक्षा प्रोटॉनच्या पाचव्या हिश्श्याएवढे कमी भरत होते. हरवलेल्या वस्तुमानाची ऊर्जा होते, ती सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातले ऊर्जेचे माप). तुकडे एकमेकांना ढकलून जेवढ्या ऊर्जेने दूर फेकले जातील, तीही तेवढीच निघाली. हिशेब जुळला!

नाव मात्र अजून नव्हते. कोपनहेगनला परतल्यावर फ्रिशने तिथे काम करणाऱ्या विल्यम अर्नोल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला विचारले, एका पेशीच्या दोन होतात त्याला तुम्ही काय म्हणता? ‘बायनरी फिशन’, उत्तर आले. नुसते ‘फिशन’ चालेल का? चालेल. ११ फेब्रुवारी १९३९ च्या ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मावशी-भाच्याचे टिपण छापून आले. मथळ्यात जुनेच ‘डिसिंटिग्रेशन’ आहे आणि आत मजकुरात, अवतरणचिन्हांत, नवखे ‘फिशन’. वर्ष सरायच्या आत ती अवतरणचिन्हे गळून पडली. १९४४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मात्र एकट्या हान यांना मिळाले. माइट्नरबाईंवरचा हा अन्याय आजही सलतो.

जर्मनांनी आपला शब्द लाकूड फोडण्याच्या क्रियापदावरून घडवला. आपल्याकडे ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, पुढे १९६९ मध्ये तारापूरची वीज आली, आणि मराठीत ‘विखंडन’ रुळले. जुन्या लेखनात ‘भंजन’ही भेटते. दोन्ही शब्द भारदस्त आहेत, पण दोन्हींतून तुकडे तुकडे होणे ऐकू येते. थेंबाची आवळत जाणारी कंबर त्यात दिसत नाही. ‘दुभंग’ हा शब्द आपल्या घरातच होता. तो घ्यायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

शाळेत आपली मुले अमीबाचे द्विविभाजन एका धड्यात शिकतात आणि युरेनियमचे विखंडन दुसऱ्या. इंग्रजीतून शिकणारे मूल दोन्हीकडे ‘फिशन’च वाचते.