पार्श्वभूमी : पलटणीतून परतलेले आणि घरी वाट पाहिलेल्या

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर अठराव्या वर्षी भरती झालेला जवान आज ऐंशी ओलांडून गेला आहे. १९७१ च्या युद्धात कोवळा शिपाई म्हणून गेलेलाही सत्तरीपार आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले तर आता बोटांवर मोजावेत इतकेच. त्यांच्या बायका बहुधा वयाने पाच-सात वर्षांनी लहान. त्यामुळे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या सैनिकी गावांत ओट्यावर म्हातारा कमी आणि म्हातारी जास्त दिसते. या दोघांच्या आयुष्याची आठवण ठेवायची म्हणजे नेमकं काय ठेवायचं, हा प्रश्न आजचा नाही. त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला सगळ्यात मोठा गुंता एका शब्दाचा आहे : जवानाच्या मागे राहिलेल्या बायकोला काय म्हणायचं.

सुरुवात दगडांपासून झाली. १८१८ च्या लढाईनंतर भीमा कोरेगावला उभारलेल्या स्तंभावर मृत शिपायांची नावं कोरली गेली. पहिल्या महायुद्धानंतर देशभरातल्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसल्या. मजकूर इंग्रजीत आणि साचा एकच : या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातल्या प्राण दिलेल्यांचा आकडा अनेकांना पाठ आहे, ४६. गेलेल्यांतून मेलेले वजा केले की परतलेल्यांची संख्या हाती येते, पण ती संख्याच. कोण कुठल्या जखमेसह आला, त्याने पुढे शेती केली की मुंबईची गिरणी धरली, याला पाटीवर जागा नव्हती. बायकांचा तर उल्लेख कुठेच नाही.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात तीन मराठा पलटणी अडकल्या आणि शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत गेल्या. वेढ्याचा इतिहास तपशिलाने लिहिला गेला आहे. मात्र त्या काळात नवऱ्याची खबर नसलेल्या घरात पेरणी कुणी केली, सावकाराला तोंड कुणी दिलं, याची नोंद नाही. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांच्या पत्रांचे जे उतारे टिकले, ते सेन्सॉरने इंग्रजीत करून घेतले म्हणून. मुळातली पत्रं बहुतेक नाहीशी झाली. शिवाय लिहिता न येणारा जवान दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा आणि घरी ते पत्र तिसराच वाचून दाखवायचा. नवरा-बायकोतली गोष्ट अशी चार कानांतून गेली, तर तिच्यात मोकळं असं किती उरणार?

एका ठिकाणी मात्र माजी सैनिकाचं पलटणीनंतरचं आयुष्य इतिहासात ठसठशीत दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महार समाजाची लष्करभरती बंद झाली. त्याविरुद्ध दाद मागणारे, अर्ज लिहिणारे, वर्तमानपत्रांतून भांडणारे पहिले लोक होते दापोलीकडचे पेन्शनर. पलटणीच्या शाळेत आलेली अक्षरं त्यांनी गावी परतल्यावर शस्त्रासारखी वापरली. पेन्शनर हा शब्द त्या काळी कोकणात एका वर्गाचं नाव होता, आणि त्या वर्गाने महाराष्ट्राला काय दिलं हे वाचकाला ठाऊक आहे. त्यांच्या घरातल्या बायका मात्र या कथेतही कडेलाच राहिल्या.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २५ लाखांपर्यंत वाढलं आणि युद्ध संपताच झपाट्याने कमी केलं गेलं. आफ्रिकेतलं केरेन, इटली, ब्रह्मदेश पाहून आलेले हजारो जण पेन्शनला पुरेल इतकी नोकरी झाली नाही म्हणून रिकाम्या हाताने घरी आले. जवानाच्या पेन्शनसाठी साधारण १५ वर्षांची नोकरी लागते आणि युद्धाची भरती असायची चार-पाच वर्षांची. पेन्शन नाही म्हणजे कागद नाही, आणि कागद नाही म्हणजे त्या माणसाची वर्षातून एकदाही कुणी चौकशी करत नाही. पुढे राज्याने या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मानधन सुरू केलं, तेव्हा डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, सांभाळून ठेवलेल्यांचं निभावलं. ज्यांच्या घरात ते पावसाने भिजलं किंवा वाळवीने खाल्लं, त्यांना आपण युद्धावर होतो हे सिद्ध करणंही अवघड झालं.

इथून पुढचा इतिहास पेन्शनच्या नियमांचा आहे. तो रुक्ष वाटेल, पण सैनिकपत्नीला सरकारी कागदावर पहिल्यांदा स्वतंत्र अस्तित्व मिळालं ते याच नियमांत. १ जानेवारी १९६४ पासून कुटुंब निवृत्तिवेतनाची सर्वसाधारण योजना आली. तोवर म्हातारपणाने किंवा आजाराने गेलेल्या पेन्शनर जवानाच्या बायकोला त्याच्या मागे नियमित आधार असा नव्हता. १९७१ च्या युद्धानंतर युद्धात पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी वाढीव दराची योजना आली. तेव्हापासून तीन पायऱ्या पडल्या. शत्रूशी लढताना गेला तर पत्नीला शेवटच्या पगाराइतकं पूर्ण निवृत्तिवेतन. नोकरीमुळे ओढवलेल्या अपघाताने किंवा आजाराने गेला तर ६० टक्के. नोकरीशी संबंध नसलेल्या कारणाने किंवा निवृत्तीनंतर गेला तर, सुरुवातीची काही वर्षं वगळता, ३० टक्के.

पैशाच्या या पायऱ्यांना कारण आहे आणि ते मला मान्य आहे. खटकतं ते हे की पुढे आठवणीच्याही याच पायऱ्या झाल्या.

गुंत्याचा शब्द इथेच येतो. युद्धात पडलेल्या जवानाच्या पत्नीला आधी सरळ युद्धविधवा म्हणत. विधवा या शब्दामागे आपल्याकडे काय काय चिकटलेलं आहे ते सांगायला नको. त्यामुळे वीरनारी हा शब्द आला तेव्हा त्याचं स्वागत झालं, ते योग्यच होतं. तो आला हिंदीतून. मराठी कानाला वीरनारी म्हटलं की घोड्यावर बसून लढणारी स्त्री आठवते. म्हणून आपल्याकडे वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता हे शब्द जास्त रुळले. पण वीरपत्नी म्हणजे कोण? व्याकरणाने पाहिलं तर वीराची पत्नी, मग तो वीर हयात का असेना. व्यवहारात मात्र तो शब्द फक्त हुतात्म्याच्या पत्नीसाठी राखीव झाला. वीरनारीचा अर्थही सगळीकडे सारखा नाही. कुठे फक्त लढाईत पडलेल्याच्या पत्नीला तो मान मिळतो, कुठे सेवेत असताना कोणत्याही कारणाने गेलेल्याच्या.

एकाच बटालियनमधले एकाच तालुक्याचे दोन जवान घ्या. एक गोळीने गेला, दुसरा बर्फाळ चौकीवर ड्युटीत असताना हृदयविकाराने. लष्कराच्या कागदावर पहिला बॅटल कॅज्युअल्टी, दुसरा बहुधा फिजिकल कॅज्युअल्टी. दोघांच्या बायका पंचविशीच्या आत, दोघींच्या कडेवर मूल. पहिलीला १५ ऑगस्टला व्यासपीठावर शाल-श्रीफळ मिळतं, दुसरीला बऱ्याचदा आमंत्रणही नसतं. आणि तिसरी एक आहे, जिचा विचार या शब्दांच्या भांडणात कुणीच केला नाही. तिचा नवरा सतरा वर्षांची नोकरी करून धडधाकट परत आला, त्याने नंतर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहून आणखी वीस वर्षं काढली आणि ऐंशीव्या वर्षी अंथरुणात गेला. त्या सतरा वर्षांत ती वर्षाला दोन महिन्यांची संसारी होती. बाळंतपणं, सासऱ्याचं आजारपण, बांधाची भांडणं, मुलांची शाळा, हे सगळं तिने मनीऑर्डर आणि आंतर्देशीय पत्रांवर निभावलं. तिच्यासाठी फॅमिली पेन्शनर याखेरीज शब्दच नाही. सैनिकपत्नी हा साधा, नेमका मराठी शब्द उपलब्ध आहे. तो वापरायला कुणाची हरकत असायचं कारण दिसत नाही.

शब्दाबरोबर अटीही आल्या. शौर्यपदकासोबत मिळणारा मासिक भत्ता पदकविजेत्यानंतर त्याच्या पत्नीला मिळत राहतो. तिने पुनर्विवाह केला की तो बंद व्हायचा. अपवाद एकच होता, मृत पतीच्या भावाशी म्हणजे दिराशी लग्न केलं तर तो चालू राहायचा. पंजाब-हरियाणातल्या चादर घालण्याच्या, म्हणजे विधवेचं दिराशी लग्न लावण्याच्या, रिवाजाची छाया त्या नियमावर स्पष्ट दिसते. आपल्याकडे अनेक जातींत पाट लावायची रीत होती, पण तो दिराशीच लागावा असा आग्रह सर्रास नव्हता. तरीही हा नियम देशभर सारखाच लागू राहिला. तो नोव्हेंबर २०१७ मध्ये गेला. आता तिने कुणाशीही लग्न केलं तरी भत्ता सुरू राहतो. त्या नियमाची बाजू मांडणारे म्हणत की पैसा त्याच घरात, मुलांपाशी राहावा एवढाच हेतू होता. हेतू समजला तरी परिणाम बदलत नाही. नवऱ्याच्या शौर्याची आठवण विधवेने कुणाच्या घरात राहून जपायची, हे कित्येक वर्षं सरकारने ठरवलं.

१९९९ च्या कारगिल युद्धाने स्मरणाची रीतच बदलून टाकली. त्याआधीच्या युद्धांत जवानावर बहुधा आघाडीवरच अंत्यसंस्कार होत, घरी तार येई आणि मागाहून ट्रंक. कारगिलमध्ये पार्थिव तिरंग्यात गावी येऊ लागलं, दूरचित्रवाणीने ते घराघरांत दाखवलं. चौक, शाळा, रस्ते, प्रवेशद्वारं यांना नावं दिली गेली. पुण्यात नागरिकांच्या वर्गणीतून युद्धस्मारक त्याच सुमारास उभं राहिलं. दिल्लीतलं राष्ट्रीय स्मारक फेब्रुवारी २०१९ मध्ये खुलं झालं, त्यावर २५ हजारांहून अधिक नावं आहेत. १९६२ आणि १९६५ च्या ज्या विधवांनी नवऱ्याचं शेवटचं दर्शन घेतलं नव्हतं, त्या कारगिलच्या वेळी साठीत होत्या. टीव्हीवरची ती दृश्यं पाहताना त्यांच्या मनात काय आलं असेल, हे तेव्हाच विचारून ठेवायला हवं होतं. त्यांतल्या बहुतेकजणी आता नाहीत.

परतलेल्यांसाठीचा दिवस फार उशिरा आला. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासूनचा आहे, तर १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन गेल्या दशकातला. पहिले भारतीय सरसेनापती १९५३ साली त्या तारखेला निवृत्त झाले होते. मधल्या काळात माजी सैनिक बातमीत आले ते वन रँक वन पेन्शनच्या, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी असेल तर सारखंच पेन्शन या मागणीच्या, आंदोलनामुळे. २०१५ च्या उन्हाळ्यात जंतरमंतरवर पदकं लावून बसलेले म्हातारे आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या विधवा देशाने पाहिल्या. त्या सप्टेंबरात योजना जाहीर झाली, १ जुलै २०१४ पासून लागू धरून. तिचे हिशेब पुढे न्यायालयातही गेले, त्यात इथे शिरत नाही.

महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर मे २०२२ ची एक घटना या विषयाला थेट भिडते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. घरटी जवान देणारं सैनिक टाकळी याच तालुक्यात आहे. पुढच्याच वर्षी विधवा शब्दाऐवजी गंगा भागीरथी लिहावं अशी सूचना शासनाकडून पुढे आली आणि तिच्यावर जोरदार टीका झाली. आजीच्या पिढीच्या लग्नपत्रिकांवर विधवेच्या नावाआधी लावलेलं गं. भा. ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ती टीका का झाली हे कळेल.

आता आठवणी लिहून घेणाऱ्याला रोज भेटणारी एक अडचण, जी नावाची आहे. अविवाहित भरती झालेल्या जवानाच्या कागदांत वारस म्हणून बहुधा वडिलांचं नाव असे. लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदीत बदल करणारा पलटणीचा हुकूम, निघाली तरच बायको नोंदीत यायची. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलत. जवानाने सुट्टीनंतर पलटणीत जाऊन कारकुनाला कधी माहेरचं नाव सांगितलं, कधी सासरचं, कधी घरात हाक मारायचं. कारकून बहुधा मराठी नसे, त्याने ऐकलं तसं लिहिलं. चाळीस वर्षांनी नवरा गेला आणि पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, एक नाव, आधार कार्डावर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं निघालं. मग प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, सैनिक बोर्डाचे हेलपाटे, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार. पेन्शन ऑनलाइन झाल्यापासून एका अक्षराचा फरकही संगणक चालवून घेत नाही.

ही दुरुस्ती करताना नियमाप्रमाणे एकच नाव कायम होतं, आणि ते जवळजवळ नेहमी सासरचं असतं. पोरीचं ज्या नावाने बारसं झालं, ज्या नावाने ती चौदा-पंधरा वर्षं वाढली, ते त्या दिवशी शेवटच्या सरकारी कागदावरून जातं. काही घरांत ते अजून सापडतं. ट्रंकेच्या तळाशी, पदकांच्या डबीखाली ठेवलेल्या जुन्या कागदांत, जिथे पलटणीतल्या कारकुनाने जवानाच्या तोंडून ऐकून ते पहिल्यांदा लिहिलं होतं.