राडलरची पार्श्वभूमी: लिंबू आणि बिअर एका पेल्यात कसे आले

उन्हाळ्यात 'लिंबाची बिअर' म्हणून जी प्यायली जाते, ती बहुतेक वेळा लिंबू घालून आंबवलेली नसते. तयार बिअरमध्ये गोड, फसफसतं लेमोनेड मिसळलं की ती होते. जर्मनीच्या दक्षिणेकडच्या बव्हेरियात तिला राडलर म्हणतात, म्हणजे सायकलस्वार. हॅम्बुर्गकडे आल्स्टर नदीवरून आल्स्टरवासर, फ्रान्समध्ये पानाशे, स्पेनमध्ये क्लारा आणि इंग्लंडात शँडी, ही त्याच कुळातली नावं.

राडलरच्या जन्माची गोष्ट ठरलेली आहे. म्युनिकच्या दक्षिणेला डायझेनहोफेनजवळ फ्रान्झ झेव्हर कुगलर यांची खानावळ होती, कुगलरआल्म. 1922 च्या जून महिन्यात एका शनिवारी तिथे 13,000 सायकलस्वार येऊन धडकले. बिअर संपत आली, पण पांढऱ्या लेमोनेडच्या बाटल्या पडून होत्या. कुगलरनी दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं आणि सांगितलं, की घरी परतताना सायकलींचा तोल जाऊ नये म्हणून हे मुद्दाम केलंय.

गोष्ट गोड आहे, पण शोधाचा मान तिला देता येत नाही. लेना क्राइस्ट या बव्हेरियन लेखिकेच्या 1912 मध्ये छापलेल्या आठवणींत 'राडलरमास' हा शब्द आधीच आलेला आहे. मास म्हणजे एक लिटरचा मोठा पेला. म्हणजे कुगलरच्या त्या शनिवारच्या किमान दहा वर्षं आधी हे पेय नावासकट रुळलेलं होतं. कुगलरनी ते गाजवलं, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

खरा उलगडा तारखांमध्ये आहे. राडलरला तीन गोष्टी लागतात: स्वस्त सायकल, सौम्य फिकट लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) आणि बाटलीतलं लेमोनेड. जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' ही दोन सारख्या चाकांची सायकल 1885 ची, डनलप यांचा हवा भरलेला टायर 1888 चा. म्युनिकमध्ये स्पाटेन ब्रुअरीने हेलेस ही सोनेरी, कमी कडू बिअर आणली 1894 मध्ये. लेमोनेडची वाट त्याहून जुनी. जोसेफ प्रिस्टली यांनी 1767 मध्ये पाण्यात वायू विरघळवून दाखवला आणि 1783 मध्ये योहान याकोब श्वेपे यांनी जिनिव्हात त्याचा धंदा उभा केला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे तिन्ही धागे एकत्र आले.

इंग्लंडात मात्र सायकलची वाट पाहावी लागली नाही. 'शँडीगॅफ' हा शब्द 1853 पासून छापील मजकुरात सापडतो. त्यात बिअरसोबत आल्याची फसफसती जिंजर बिअर असायची. लेमोनेड नंतर आलं आणि नावाचं शेपूट गळून शँडी उरली. शँडीगॅफ हा शब्द कुठून आला याचा पत्ता नाही.

लागरच का, हे चवीवरून कळतं. बिअरचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं पेय आंबट) साधारण 4.2 ते 4.5 असतो, लेमोनेडचा 3 च्या आसपास. आंबट आणि कडू एकत्र आले की कडवटपणा जिभेला टोचतो, म्हणून हॉप्सने (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) भरलेली आयपीए ही कडू बिअर इथे चालत नाही. हेलेसमध्ये कडवटपणा बेताचा आणि मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा पुरेसा असतो, त्यामुळे लिंबू तिच्यावर नीट बसतं. गव्हाच्या बिअरमध्ये लेमोनेड घातलं तर बव्हेरियात त्याला रुस म्हणतात.

प्रमाण निम्मं-निम्मं हे जुनं. 60 भाग बिअर, 40 भाग लेमोनेड हेही चालतं. 5 टक्क्यांच्या बिअरचं निम्मं मिश्रण 2.5 टक्क्यांवर येतं, 60-40 चं 3 टक्क्यांवर. निम्म्या-निम्म्या मिश्रणाच्या अर्ध्या लिटरच्या पेल्यात तेव्हा सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल आणि, लेमोनेडमध्ये 10 टक्के साखर धरली तर, 25 ग्रॅम साखर. तहान लागली म्हणून एकामागून एक दोन पेले रिचवले, की एक अख्खी बिअर पोटात गेलेली असते. सायकल चालवणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

लेमोनेड घरीच करायचं असेल तर 1 लिटरला 100 ग्रॅम साखर 100 मिली गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, पाक गार करा, त्यात 60 ते 80 मिली गाळलेला लिंबाचा रस घाला आणि गार सोडा हळूच ओतून लिटर भरा. कोरडी साखर थेट सोड्यात टाकली, की प्रत्येक कणावर बुडबुडे धरतात आणि सगळा वायू फेसासोबत उतू जातो. साल किसून घालायची तर फक्त पिवळा भाग घ्या. आतला पांढरा भाग कडवट असतो आणि तो हॉप्सच्या कडवटपणात भर घालतो.

बिअर आणि लेमोनेड दोन्ही 4 ते 6 अंशांवर गार हवेत. एक जरी कोमट असलं तरी वायू निसटतो आणि मिश्रण बेचव लागतं. आधी लेमोनेड ओता, मग पेला तिरका धरून बिअर. शेवटच्या चौथाईला पेला सरळ करा म्हणजे धार खालचं गोड लेमोनेड वर उचलते. लेमोनेड बिअरपेक्षा जड असतं, त्यामुळे हळुवार ओतलेला पेला वर कडू आणि तळाशी गोड राहतो. फेस बिअरमधल्या प्रथिनांचा असतो, म्हणून ती शेवटी. वर लिंबाची फोड लावली तर सालीतल्या तेलाने तो फेस लगेच बसतो. फेस हवा असेल तर फोड नकोच.

उरलेलं मिश्रण झाकण लावून ठेवू नका. न गाळलेल्या बिअरमधल्या यीस्टला आता साखर मिळालेली असते. बाहेर ठेवलेली बाटली काही दिवसांत फुटू शकते.

बाटलीबंद राडलरचा इतिहास याच अडचणीचा आहे. जर्मनीत बिअर आणि लेमोनेडचं मिश्रण बाटलीत भरून विकायला मोकळीक मिळाली ती 1993 मध्ये, बिअर-कराचा कायदा बदलल्यावर. 1516 च्या बव्हेरियन शुद्धतेच्या नियमाचा (बिअरमध्ये फक्त पाणी, बार्ली आणि हॉप्स) वारसा सांगणाऱ्या देशात त्याला बिअर म्हणता येत नाही. लेबलवर 'बिअर-मिश्र पेय' असं लिहितात. बिअरला तिचं अल्कोहोल, हॉप्स आणि साखरेचा अभाव टिकवतो. राडलरमध्ये पहिली दोन निम्म्यावर येतात आणि साखर भरपूर, म्हणून कारखान्यात बहुतेक वेळा पाश्चरीकरण करतात. नळातून राडलर देणाऱ्याला नळ्याही जास्त वेळा धुवाव्या लागतात, कारण साखरेचा थर आत चिकटतो.

पाश्चरीकरणाने यीस्ट मरतं, लिंबाचा वास मात्र वाचत नाही. तो देणारं सिट्रल आम्लात हळूहळू मोडतं, उष्णतेत लवकर, आणि ताज्या लिंबाच्या जागी औषधी वास येतो. रंगहीन किंवा हिरव्या बाटलीत उजेडाची भर पडते: हॉप्सच्या कडू द्रव्यातून गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि स्कंक या प्राण्यासारखी दुर्गंधी सुटते. म्हणून डबा किंवा तपकिरी बाटली घ्यावी, तारीख बघून ताजी घ्यावी आणि ती उन्हाबाहेर, गार जागी ठेवावी.